पायाखालचा ‘सा’ सरकतो तेव्हा

“भावोजी, तुम्ही तरी सांगा त्याला. दिवसभर कानात ती रडकी गाणी घालून बसतो. अशानं डिप्रेशन येणार नाही तर काय होणार?”

वहिनींची तक्रार माझ्या पुतण्याबद्दल होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन तो हॉस्टेलवरून घरी आला होता आणि पलंगाला चिकटला होता. मी त्याच्या शेजारी बसलो, त्याच्या एका कानातलं बोंडुक काढून माझ्या कानात घातलं. गाणं रडकं अजिबात नव्हतं. आधी पितळी शिंगाचा गोल, मऊ आवाज आला, मग घुंगरांचा खुळखुळाट, घोड्याच्या टापांसारखा ठेका आणि त्यावर एका पोरसवदा गळ्याचं अतिशय गोड प्रेमगीत. पण नुसतं गोड म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमेना. खाली काहीतरी हलत होतं. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पोटात खड्डा पडावा, तसं दर दोन-चार सेकंदांनी होत होतं.

गाणं होतं ‘गॉड ओन्ली नोज’. ‘बीच बॉइज’ या अमेरिकन बँडच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममधलं, १९६६ सालचं. ते रचणारा ब्रायन विल्सन त्याच आठवड्यात, ११ जून २०२५ला, वयाच्या ८२व्या वर्षी गेला होता आणि सगळीकडे त्याच्यावर लिहून येत होतं. त्यातल्या बऱ्याच मजकुराचा सूर असा, की डोकं फिरलं म्हणून प्रतिभा फुलली किंवा एलएसडी हे भास घडवणारं मादक द्रव्य घेतलं म्हणून असलं संगीत सुचलं. वहिनींचा समज आणि हे मृत्युलेख एकाच माळेचे मणी आहेत. दोन्हीकडे आजार आणि संगीत यांच्यात एक सोपी सरळ रेघ ओढलेली आहे. मी पेशाने भौतिकशास्त्राचा मास्तर आणि हौसेने पेटीवाला, त्यामुळे मला त्या पोटातल्या खड्ड्याचं कारण शोधायचं होतं. ते सापडलं बेसमध्ये, म्हणजे गाण्याच्या तळाशी वाजणाऱ्या सगळ्यात खालच्या सुरांत. शब्दांत नाही, चालीतही नाही.

आधी माणूस थोडक्यात सांगतो. ब्रायन विल्सन १९४२चा, कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावात वाढलेला. भाऊ, आतेभाऊ आणि मित्र मिळून बँड केला. समुद्रावरच्या लाटा, मोटारी, उन्हाळा अशी आनंदी गाणी तुफान चालली. २३ डिसेंबर १९६४ला लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्याला भीतीचा जबरदस्त झटका आला. रडू, ओरडणं, काहीच आवरेना. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने बँडबरोबर गावोगाव फिरणं सोडलं. बाकीचे दौऱ्यावर आणि हा स्टुडिओत. वयाच्या तेविसाव्या वर्षी, टोनी अ‍ॅशर नावाच्या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या तरुणाला गीतकार म्हणून बरोबर घेऊन त्याने ‘पेट साउंड्स’ केला. पुढे आयुष्यभर नैराश्य, भीती आणि कानात ऐकू येणारे धमकावणारे आवाज यांनी त्याला सोडलं नाही. डॉक्टरांनी या आजाराला स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर असं नाव दिलं. त्यात भ्रमही असतात आणि मनोवस्थेचे, म्हणजे नैराश्याचे, गंभीर झटकेही.

या अल्बमला सायकेडेलिक पॉप, म्हणजे भास घडवणाऱ्या नशेसारखा अनुभव देणारं पॉप, म्हणतात. त्यासाठी नशेचीच गरज असते असं नाही. कानाला ओळखीची खूणच सापडू नये असे आवाज स्टुडिओत घडवायचे, हे त्यातलं मुख्य काम. एका गाण्याच्या सुरुवातीला पियानोच्या तारा केसांच्या पिनांनी छेडल्या आहेत आणि त्याच गाण्यात पुढे सायकलचा भोंगा वाजतो. ‘आय जस्ट वॉझन्ट मेड फॉर दीज टाइम्स’मध्ये पॉल टॅनरने वाजवलेलं इलेक्ट्रो-थेरेमिन हे विजेवरचं वाद्य आहे, जे ऐकून बाई गातेय की भूत रडतंय हे ठरवता येत नाही. शेवटच्या गाण्यानंतर आगगाडी धडधडत जाते आणि तिच्यावर ब्रायनची दोन कुत्री भुंकतात. पण हे सगळे वरचे मसाले झाले. माझं प्रेम फोडणीखालच्या तेलावर आहे.

आता पेटी काढा. नसेल तर मोबाइलवर पेटीचं अ‍ॅप चालेल.

सा, ग आणि प एकदम दाबा. तीन सूर एकत्र वाजले की त्याला कॉर्ड म्हणतात आणि हा सगळ्यात साधा, सगळ्यात आनंदी कॉर्ड. हिशेबाला सोपा म्हणून ‘सा’ २४० हर्ट्झचा धरू, म्हणजे हवा सेकंदाला २४० वेळा थरथरते. मग शुद्ध ‘ग’ ३०० आणि ‘प’ ३६०. (पेटीचा ‘ग’ प्रत्यक्षात ३०२.४च्या आसपास असतो, म्हणूनच जुने गवई पेटीवर खार खाऊन असत. तो वाद आज नको.) २४०, ३०० आणि ३६० या तिन्हींना भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या ६०. म्हणजे ही तीन कंपनं ६० हर्ट्झच्या एकाच सुराची चौथी, पाचवी आणि सहावी पट आहेत.

हे महत्त्वाचं का? कारण निसर्गातला कोणताही सुरेल आवाज एकटा नसतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यात तिची स्वतःची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनं एकदम निघतात. जवारी नीट लागली की ती मोकळी ऐकूही येतात. खर्जाच्या तारेतून आपोआप ‘ग’ उमटतो असं गवई सांगतात, तो म्हणजे हीच पाचवी पट. आपला मेंदू जन्मल्यापासून अशा पटींच्या माळा ऐकत आला आहे, त्यामुळे त्याला एक सवय लागली आहे. माळेतले वरचे मणी दिसले की तो खालचा पहिला मणी स्वतःच ओवतो. जुन्या लँडलाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो साधारण १०० ते १२०. म्हणजे फोनवर वडिलांच्या आवाजाचा पाया कधी येतच नव्हता, तरी ते बायकी आवाजात बोलतायत असं कुणाला वाटलं नाही. गाळलेला सूर मेंदू भरून काढत होता. म्युनिकच्या अर्न्स्ट टेरहार्ट यांनी १९७०च्या दशकात हीच कल्पना कॉर्डला लावली. सा-ग-प ऐकल्यावर मेंदू नकळत खाली ६० हर्ट्झचा एक ‘सा’ कल्पितो आणि तोच त्या कॉर्डचा पाया मानतो.

आता त्या कल्पित ‘सा’च्या जागी बेस गिटारने खरोखरच ६० हर्ट्झचा ‘सा’ वाजवला, की मेंदू खूश. जे अपेक्षिलं तेच आलं. सूर चार, पण एकाच तारेतून निघाल्यासारखे. बहुतेक पॉप गाणी, लग्नातला बँड आणि गणपतीतला ऑर्केस्ट्रा याच भरवशावर चालतात.

ब्रायन विल्सन इथे खोडी काढतो. वरचे सूर सा-ग-पच ठेवतो आणि बेसला सांगतो, तू ‘प’ वाजव.

काय होतं बघा. ‘प’ खाली दोन सप्तकं म्हणजे ९० हर्ट्झ. त्याची स्वतःची माळ आहे ९०, १८०, २७०, ३६०, ४५०. यातला ३६० वरच्या ‘प’शी जुळतो, छान. पण २७० म्हणजे ‘रे’ आणि ४५० म्हणजे ‘नि’. हे दोन सूर आपण वाजवलेलेच नाहीत, बेसच्या पोटातून आगाऊ पाहुण्यांसारखे आले. वरच्या ‘सा’ची दुप्पट ४८०. आता ४५० आणि ४८० शेजारीशेजारी आहेत, फरक ३०. म्हणजे सेकंदाला ३० हेलकावे. इतके वेगवान हेलकावे कानाला वेगळे मोजता येत नाहीत, ते खरखरीसारखे जाणवतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३मध्ये बेसुरेपणाचं कारण म्हणून नेमकं हेच सांगितलं होतं. बेसला ‘ग’ दिला (७५ हर्ट्झ) तर गोष्ट आणखी बिघडते. त्याची पाचवी पट ३७५ आणि वरचा ‘प’ ३६०, फरक फक्त १५. कॉर्ड आनंदीच आहे, एकही सूर बदललेला नाही, पण पायाच्या जागेवर दोन दावेदार उभे राहिले. मेंदूचा कल्पित ‘सा’ म्हणतो घर माझं आणि बेस म्हणतो भाडं मी भरतोय.

पायथ्याचा सूर बदलला तरी कॉर्ड तोच राहतो, हे झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२मध्येच मांडलं होतं. त्यामुळे उलटा कॉर्ड ब्रायनने शोधला असं नाही, चर्चमधल्या प्रार्थनांत तो सर्रास असतो. आपल्याकडेही याचं भावंड आहे, मूर्च्छना. भूपाचे पाचही सूर तसेच ठेवा आणि फक्त ‘ग’ला ‘सा’ माना, की मालकंस होतो. तेच पाच सूर, तीच अंतरं. संध्याकाळचा मोकळा, प्रसन्न भूप एका फटक्यात मध्यरात्रीचा गंभीर मालकंस होतो, कारण जमीन हलली. हे ज्याने एकदा तंबोरा बदलून ऐकलं आहे, त्याला ‘पेट साउंड्स’ समजायला वेळ लागणार नाही.

‘गॉड ओन्ली नोज’ पुन्हा ऐका आणि या वेळी गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून फक्त बेस धरा. कडव्यात घरचा कॉर्ड येतो तेव्हा बेस त्याच्या ‘प’वर असतो. ध्रुवपदात येतो तेव्हा ‘ग’वर. दार उघडतं, पण पाय घरात न पडता उंबरठ्यावर पडतो. या गाण्याचा ‘सा’ नक्की कोणता, पाश्चात्त्य सुरांतला ‘ई’ की ‘ए’, यावर संगीताचे अभ्यासक अजून भांडतात. लक्षावधी लोकांनी लग्नात वाजवलेलं प्रेमगीत आणि त्याचा षड्ज कुठे आहे यावर एकमत नाही! ब्रायन स्वतः बँडचा बेसवादक होता, हे इथे विसरू नका. या अल्बमसाठी कॅरल के यांच्यासारखे कसलेले स्टुडिओ वादक त्याने बोलावले, पण त्यांच्या हातात पडणाऱ्या बेसच्या ओळी त्याच्या डोक्यातून आलेल्या होत्या. हे अपघाताने झालेलं काम नाही.

आता मेंदूकडे. इथून पुढचं विज्ञान तरुण आहे, त्यामुळे मीही आवाज थोडा खाली आणतो.

संगीत ऐकताना मेंदू सतत पुढचा सूर ओळखत बसतो. जर्मनीतल्या लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या व्हिन्सेंट चेउंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये अमेरिकन लोकप्रिय गाण्यांतली ७४५ गाणी घेतली, त्यांतले ८०,००० कॉर्ड संगणकाला शिकवले आणि प्रत्येक कॉर्ड किती अनपेक्षित आहे ते काढलं. मग चाल आणि शब्द काढून टाकून नुसते कॉर्ड लोकांना ऐकवले. लोकांना आनंद दोन प्रकारे झाला. पुढे काय येणार याची पक्की खात्री असताना भलतंच आलं तेव्हा, आणि काहीच खात्री नसताना ओळखीचं आलं तेव्हा. ‘पेट साउंड्स’चं पहिलंच गाणं, ‘वुडन्ट इट बी नाइस’, पहिल्या प्रकाराचा नमुना आहे. काही सेकंद गिटारची चमकती सुरावट एका षड्जात वाजते, आपण त्यात स्थिर होतो, ढोलावर एक टोला पडतो आणि गाणं पूर्ण वेगळ्याच षड्जात सुरू होतं. पुढची सगळी गंमत त्या एका टोल्यावर उभी आहे.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या सलीमपूर आणि झॅटोर यांच्या गटाने २०११मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतात अंगावर काटा येण्याच्या क्षणी मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे रसायन सुटतं. त्याहून रंजक म्हणजे, काटा येण्याच्या आधी, वाट पाहताना, ते शेजारच्याच एका वेगळ्या भागात सुटतं. म्हणजे मिळण्याचा आनंद वेगळा आणि आता मिळणार याचा वेगळा. तिहाई ऐकणाऱ्या माणसाला हे यंत्राने सांगायची गरज नाही. समेवर येण्याआधीच मान हलायला लागते.

नैराश्यात या यंत्रणेचंच काहीतरी बिनसतं. हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ‘डिप्रेशन म्हणजे खूप वाईट वाटणं’ हा समज चुकीचा आहे. वाईट वाटणं हे जिवंत मनाचं लक्षण आहे. नैराश्याच्या निदानात उदास मनाच्या बरोबरीने दुसरं मोठं लक्षण असतं ते रुची जाण्याचं. जेवण, मित्र, क्रिकेट, गाणं, काहीच लागत नाही, तोंडाला चव नसावी तसं. मेंदूच्या चित्रणांत अशा रुग्णांमध्ये बक्षीस मिळण्याच्या अपेक्षेला मिळणारा प्रतिसाद मंद असल्याचं अनेकदा आढळलं आहे. पुढे काही चांगलं होणार, ही जी आतली वाट पाहणी आहे, तीच थकते. (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य, पाण्याची टाकी रिकामी झाल्यासारखं, हे चित्र गोळ्यांच्या जाहिरातींनी रुजवलं. प्रत्यक्षात प्रकरण इतकं सरळ नाही. पण म्हणून गोळ्या निरुपयोगी आहेत असा अर्थ काढू नका, अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो.)

आता मला वाटतं ते सांगतो, हा माझा तर्क आहे, प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हे. दुःखी गाणं करायचं तर कोमल सूर घ्यावेत, लय मंद करावी, सारंगी आणावी. ते दुःखाचं चित्र झालं, नैराश्याचं नाही. नैराश्यातला माणूस बाहेरून अनेकदा ठीक दिसतो. ऑफिसला जातो, लग्नात हसतो, फोटोत उभा राहतो. वरचे तिन्ही सूर बरोबर असतात. सरकलेला असतो तो पाया. सगळं जिथे असायला हवं तिथे आहे, तरी घरी आल्यासारखं वाटत नाही. ब्रायनने घुंगरं, शिंगं आणि देवळातल्या घंटांसारखा उजेड वर तसाच ठेवला आणि खालची फरशी काढून घेतली. काळाशी आपलं जुळत नाही असं सरळ सांगणारं गाणंही याच अल्बममध्ये आहे, पण मला ते शब्दांतून कमी आणि त्या अस्थिर बेसमधून जास्त पटतं.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. उदास गाण्यांनी नैराश्य येतं, याला आधार नाही. उलट अमेरिकेतल्या एका अभ्यासात नैराश्यग्रस्तांनी उदास गाणी निवडली तेव्हा त्यांनी कारण दिलं, की ती शांत वाटतात, मन निवतं. मात्र तेच ते विचार रवंथ करत बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना अशी गाणी कधीकधी आणखी खोल नेतात, हेही दिसलं आहे. म्हणजे औषधासारखंच, माणूस बघून. मला विचाराल तर रडकी गाणी ऐकणाऱ्या मुलापेक्षा गाणी ऐकणंच सोडून दिलेल्या मुलाची काळजी मी जास्त करेन.

ब्रायनची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो. तो फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाहूनही कमी असतो आणि तरी मेंदू तो पकडतो. एका कानाच्या माणसाला ही सोय नाही. स्टिरिओ म्हणजे काय ते त्याला कधी अनुभवताच आलं नसावं. १९६६चा मूळ ‘पेट साउंड्स’ मोनो आहे, सगळे आवाज एकाच बिंदूतून येतात. खरा स्टिरिओ अवतार थेट १९९७मध्ये निघाला. आडवी जागा नाही म्हटल्यावर ब्रायनने उभी जागा बांधली. दोन वाद्यांना एकच सूर एकत्र वाजवायला लावायचं आणि तिसरंच, नाव नसलेलं वाद्य तयार करायचं, ही युक्ती त्याने फिल स्पेक्टर या निर्मात्याच्या कामातून उचलली आणि पार टोकाला नेली. पुतण्याचे महागडे बोंडुक या गाण्याला वाया जात होते. एका कानाने ऐकलं तरी सगळं मिळतं.

आता एलएसडीकडे येऊ, कारण मृत्युलेखांचं तेच आवडतं पात्र. बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८मध्ये तयार केलं आणि त्याचा मनावरचा परिणाम त्यांना १९४३मध्ये, स्वतःवरच, कळला. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट कुलपात ते जाऊन बसतं आणि मग मेंदूची ‘पुढे काय येणार’ ही गणितं सैल पडतात. ब्रायनने ते १९६५मध्ये घेतलं. कानातले आवाज त्यानंतर साधारण आठवड्याभराने सुरू झाले, असं त्याने स्वतःच पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. या वयात असे आजार तसेही सुरू होतात, त्यामुळे सगळा दोष त्या एका थेंबाला देता येणार नाही. पण ज्यांना किंवा ज्यांच्या घरात भ्रमाचा आजार आहे, अशांना आजच्या सायकेडेलिक औषधांच्या चाचण्यांत मुळात घेतच नाहीत, यावरून काय ते समजा. आणि एलएसडीने कॉर्ड उलटे करता येत नाहीत. ते करायला पियानोसमोर बसून तासन् तास बोटं मोडावी लागतात.

सध्या त्याच कुळातल्या सायलोसायबिन या बुरशीतल्या रसायनाचा नैराश्यावर मोठा गाजावाजा चालू आहे. यातली एक मोठी चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले २३३ रुग्ण होते. तीन आठवड्यांनी पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आणि नाममात्र मात्रा घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांना ठळक आराम पडला. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला २० आणि १० टक्क्यांमध्ये. आशा आहे, चमत्कार नाही. आणि हे प्रशिक्षित माणूस शेजारी बसवून, निवडलेलं संगीत लावून, दवाखान्यात केलेलं काम आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर कुणीतरी हातात ठेवलेल्या, एलएसडी लावलेल्या कागदाच्या तुकड्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय आपल्याकडे ती वस्तू बाळगणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरं थोतांड स्वस्त आहे, म्हणून जास्त पसरतं. ‘४३२ हर्ट्झचं संगीत ऐका, नैराश्य पळेल’ असे व्हिडिओ मला दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. जगभर ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झला लावतात, तो ४३२ला लावला की म्हणे विश्वाशी जुळतो. वर दिलेलं गणित पुन्हा बघा. कानाला कळतात ती प्रमाणं, ४ : ५ : ६. मुळात ‘सा’ कितीचा आहे याला तिथे महत्त्व नाही. आपल्याकडे तर प्रत्येक गवई आपापल्या गळ्याप्रमाणे ‘सा’ लावतो, कुणी काळी एक, कुणी काळी चार, वय झालं की आणखी खाली. एखाद्या ठरावीक आकड्यात औषध असतं, तर अर्ध्या महाराष्ट्राचं भजन निष्फळ ठरलं असतं. शिवाय सेकंद हे माप माणसाने ठरवलं, विश्वाला ते कुणी कळवलं?

आणि कानात आवाज येतात म्हणून अंगारा लावणाऱ्या, बाहेरचं झालंय म्हणून देवऋषाकडे नेणाऱ्या घरांबद्दल मी वेगळं काय लिहू. ब्रायनच्या नशिबी देवऋषी नव्हता, पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञानेच त्याचं आयुष्य, पैसा, मित्र, सगळं ताब्यात घेतलं. १९८९मध्ये त्या गृहस्थाला आपला परवाना सोडावा लागला. भोंदूपणाला पदवीचं वावडं नसतं.

आजारातून प्रतिभा येते, हे म्हणणाऱ्यांनी पुढची वर्षं बघावीत. ‘पेट साउंड्स’नंतर ब्रायनने ‘स्माइल’ नावाचा त्याहून मोठा घाट घातला. १९६६च्या नोव्हेंबरात आगीवरच्या एका तुकड्याचं ध्वनिमुद्रण करताना त्याने वादकांना अग्निशमन दलाच्या टोप्या घालायला लावल्या. नंतर जवळपास एक आग लागल्याचं कळल्यावर ती आपल्याच संगीतामुळे लागली, या भीतीने त्याने तो तुकडा बाजूला टाकला. १९६७मध्ये अख्खा अल्बमच बारगळला. त्यानंतर आजार वाढत गेला तसं काम कमी होत गेलं आणि सत्तरच्या दशकातला बराच काळ तो घरात, पलंगावर होता. आजारातून संगीत येत असतं, तर ती वर्षं सोन्याची ठरायला हवी होती. ‘स्माइल’ त्याने पुरा केला २००४मध्ये, उपचार मार्गी लागल्यावर, साठी उलटल्यावर. आवाज तेव्हाही येत होते. त्याने ते लपवलं नाही.

पुतण्याला मी शेवटी सरळ विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, कधी सगळं नकोसं वाटतं का. म्हणाला, “काका, एक विषय राहणार आहे बहुतेक, आईला सांगू नका.” बाकी ठीक होतं. तरी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला, मराठीतही बोलतात. त्याच्यासाठी नाही तर हॉस्टेलवरच्या कुणासाठी.

मग पेटी काढली. मी वर सा-ग-प धरला आणि त्याला खालच्या सप्तकातला ‘ग’ दाबायला सांगितलं. तो दाबून बसला. भाता चालू, सूर चालू, दोघंही गप्प. अर्धा मिनिट गेला असेल. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. त्या आयुष्यात कधी गाणं शिकलेल्या नाहीत.

“अहो, हे काय मध्येच अडकवून ठेवलंय? खाली आणा की ते एकदाचं!”

पुतण्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि बोट ‘ग’वरच ठेवलं.